कर्जाचं ॲप फोनमधून काढायच्या आधी एनबीएफसीचं (कर्ज देणाऱ्या बिगर-बँक वित्त कंपनीचं) नाव टिपून घ्या

कर्जाच्या ॲपने तुमच्या फोनमधले नंबर उचलले आणि तुमच्या मावसभावाला वसुलीवाल्यांचा फोन गेला, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि माझा २०२३ चा ऑक्टोबर आठवला. अशाच ॲपचा हप्ता चार दिवस थकला होता आणि माझ्या मुलीच्या शिकवणीच्या बाईंना फोन गेला. त्या महिन्यात बाईंनी फी मागितलीच नाही. ते फार लागलं.

१९३० या सायबर हेल्पलाइनचं आणि सायबर पोलिसांचं बाकीच्यांनी सांगितलंय, परत लिहीत नाही. माझी चूक सांगतो. त्याच रात्री रागाच्या भरात मी ॲप काढून टाकलं, मेसेजही पुसले. ॲप नुसता मध्यस्थ असतो, कर्ज मागच्या एनबीएफसीचं असतं. तिचं नाव कर्जाच्या माहितीपत्रकात होतं आणि पत्रक ॲपमध्येच होतं. मग मी तक्रार केली ती ॲपच्या नावाने. त्या कार्यालयाने (नाव घेत नाही) पाच महिने अर्ज ठेवून एका ओळीत कळवलं की ही कंपनी आमच्या अखत्यारीत येत नाही. प्रत्यक्ष गेलो तर टेबलावरचे साहेब म्हणाले, ‘परवानगी तुम्हीच दिली होती ना?’ कर्जाच्या ॲपनी कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायचाच नाही, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलंय. मला ते ठाऊक नव्हतं, गप्प घरी आलो. एनबीएफसीचं नाव शेवटी क्रेडिट रिपोर्टमध्ये (आपल्या सगळ्या कर्जांची नोंद असलेल्या अहवालात) सापडलं. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो, काढून ठेवा.

आता नव्या डेटा कायद्यातून (२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा) भरपाई मिळेल का, हा तुमचा प्रश्न. मी वकील नाही, पण मी वाचलंय त्यावरून तरी नाही. २०१९ च्या विधेयकात भरपाईचं कलम होतं, २०२३ च्या कायद्यात ते गाळलं. कंपनीला दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जाणार. ज्याची अब्रू गेली त्याच्या हाती काही नाही. वर तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर तक्रारदारालाच १०,००० पर्यंत दंड. स्टार्टअपना मात्र काही कलमांतून सूट द्यायची सोय आहे. कंपन्यांची एवढी काळजी घेतलेली पाहून संताप होतो माझा.

माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीकडून आयटी कायद्याचं कलम ४३-अ भरपाई देतं, तेही नव्या डेटा कायद्यामुळे जाणार. नव्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, ४३-अ काढून टाकणारा भाग त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होईल. तोवर ४३-अ खाली राज्याच्या आयटी सचिवांपुढे ५ कोटींपर्यंतचा दावा करता येतो. मात्र ते कलम पासवर्ड, बँकेचे तपशील अशा संवेदनशील माहितीपुरतं आहे. नुसते फोन नंबर त्यात बसतात का, हे वकिलाला विचारूनच खर्चात पडा.

आज रात्रीच माहितीपत्रकाचे आणि परवानग्यांच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या. एनबीएफसीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, फोनवर बोलून भागवू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. आणि कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या जवळच्यांना स्वतःच फोन करून सांगा. शिकवणीच्या बाईंशी बोलायला मला तीन आठवडे लागले, तोवर त्यांना आणखी दोन फोन जाऊन गेले होते.