बोहारणीला देण्याआधी

थोरल्यांचे कपडे धाकट्यांना कसे बसवायचे, यावर बरेच प्रश्न आलेत. त्यातले चार इथे घेते. चारही जणींकडे साधं पायमशीन आहे आणि सरळ टीप येते, एवढं पुरतं.

अक्का, जाऊबाईंच्या मुलाची जीन पॅन्ट माझ्या मुलाला लांब होते. खालून कापून शिवली की ती फिकट झालेली कड जाते आणि पॅन्ट विचित्र दिसते. काय करू? (टिळकवाडी, बेळगाव)

कड कापायचीच नाही की! समजा पॅन्ट ६ सेंटिमीटर लांब आहे. पाय सुलट ठेवून खालची कड बाहेरच्या बाजूने वर दुमडा, पण ६ नव्हे, ३ सेंटिमीटरच. हे माप कडेवरच्या जुन्या टिपेपासून खालच्या दुमडीपर्यंत घ्यायचं, खुद्द कड त्यात धरायची नाही. बहुतेकजणी इथंच चुकतात. दुमडल्यावर कापड दुहेरी होतं, म्हणून ३ चे ६ होतात. आता जुन्या टिपेला अगदी चिकटून, कडेच्या जाड भागावर न चढता, गोल टीप मारा. कड खाली सोडा, आतली घडी वर दाबून इस्त्री फिरवा. नवी टीप जुनीच्या सावलीत लपते.

बाजूच्या जाड शिवणीवर मशीन अडणारच. १६ नंबरची सुई घाला, तो भाग खलबत्त्यातल्या बत्त्याने हलकेच ठोकून चपटा करा आणि तेवढ्यापुरतं पायडल सोडून चाक हाताने फिरवा. मशीनच्या दाबाच्या पायामागे (सुईजवळ कापड दाबून धरतो तो) जीनचाच दुमडलेला तुकडा ठेवला की तो पाय तिरका होत नाही, टाकेही सुटत नाहीत. आतली घडी कापू नका. पोरगं उंच झालं की टीप उसवून पॅन्ट परत लांब करता येते.

एक मात्र करा, मापाआधी कपडा भिजवून वाळवा. भाच्याने एकदाही न घातलेली सुती पॅन्ट मी तशीच मापाला कापली होती. पहिल्याच धुण्यात आटली. पुढे तिने आमची लादी पुसली.

नणंदेने दिलेले ब्लाउज छातीत घट्ट होतात. सैल करता येतील का? (निपाणी)

ब्लाउज उलटा करून बाजूची माया, म्हणजे शिवणीत आत सोडलेलं जादा कापड, बघा. चांगल्या शिंप्याने आत दोन-तीन समांतर टिपा घातलेल्या असतात, त्या याच दिवसासाठी. सगळ्यात आतली टीप उसवा. पुढची टीप अर्धा इंच बाहेर असेल, तर पुढच्या-मागच्या भागांत मिळून एका बाजूला एक इंच, दोन्ही बाजूंना दोन इंच मिळतात. उसवताना ब्लेड नको, सीम रिपर (टीप उसवायचं छोटं हत्यार) घ्या. बेळगावच्या खडेबाजारात शिवणसामानाच्या दुकानात मिळतो.

उसवल्यावर जुन्या टिपेची भोकं दिसतात. सुती कापडावर पाणी शिंपडून इस्त्री केली की बरीचशी बुजतात. रेशमावर राहतात. आणि मायेतलं कापड उन्हात विटलेलं नसतं, म्हणून तिथे गडद पट्टा दिसेल; तो काखेखाली येतो, कुणी बघायला येत नाही. मायाच नसेल तर काखेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना उभी पट्टी जोडा. रंग जुळत नसेल तर सरळ काठाच्या रंगाची घ्या. जुळवायला जाऊन न जुळलेली पट्टी जास्त वाईट दिसते.

मिस्टरांचा फुल शर्ट मुलाला बसवायचाय. खांदे उतरतात. (चिकोडी)

खांदा दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरत असेल तर नाद सोडा. बाही काढून मुंढा (बाही जोडायची गोलाई) नव्याने कापावा लागतो, आणि बाही परत बसवताना चुण्या पडतात. मी स्वतः ते काम शिंप्याकडे देते. खांदा ठीक असेल तर शर्ट उलटा घालायला लावा, टाचण्या लावा आणि मनगटापासून काखेतून खालपर्यंत एकाच ओळीत टीप घ्या. काखेत कोन नको, वळण हवं. त्या वळणावर टिपेपर्यंत न पोचतील अशा बारीक चिरा द्या, नाहीतर तिथं कापड ओढतं.

आजीच्या इरकली लुगड्याचा मुलीला ड्रेस शिवू का? पदरासकट. (खानापूर)

शिवा, पण आधी उजेडासमोर धरून बघा. बसण्याच्या जागी आणि घड्यांवर सूत विरलेलं असतं. ते भाग खडूने खुणा करून वगळा. इरकलीत अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे फासासारखे एकमेकांत अडकवलेले असतात. या जोडणीला टोपे-तेणी म्हणतात. त्या जोडावर शिवण किंवा ताण येऊ देऊ नका, दोन्हीकडे दोन इंच मोकळे ठेवा. पदराचा रेशमी लाल रंग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून तपासा. उतरत असेल तर तो भाग वेगळाच धुवायचा. आतून मलमलीचं अस्तर हवंच, तेही आधी भिजवलेलं. सुई ११ नंबरची.

आणि कात्री लावण्याआधी घरात एकदा विचारा. मी विचारलं नव्हतं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी उरलेल्या काठाची पिशवी मागून घेतली.