रुतलेली बोट पाणी उचलतं, दोर नाही

आमची बोट भाईंदरजवळच्या उत्तनला वाळूत रुतली. दोन ट्रॅक्टरांनी ओढली, तर नाळेजवळचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, दोर बांधायचा खुंटच उपटून आला. जेसीबी बोलवावा का?

कृपा करून बोलवू नका. आधी तिथी बघा. बोट भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, लागली असेल तर नशीब थोर, कारण अमावस्या-पौर्णिमा जवळ येईल तशी भरती चढत जाईल. उधाणालाच, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, चढली असेल तर पुढच्या उधाणापर्यंत जवळजवळ १५ दिवस धीर धरावा लागेल. पण हातावर हात धरून बसू नका. आजच छोट्या होडीतून नांगर खोल पाण्यात नेऊन टाका, नाहीतर प्रत्येक भरती बोट आणखी वर ढकलेल. जाळी, बर्फ, डिझेल उतरवा. ५०० लिटर डिझेलच ४०० किलोच्या वर भरतं. बोट किनाऱ्याकडे कललेली ठेवा आणि त्या कुशीखाली वाळूच्या गोणी, जुने टायर लावा. समुद्राकडे कलली तर लाटा थेट आत येतात.

ओढताना खुंटाचा भरवसा धरू नका, बोटीभोवती रुंद पट्टा घ्या. भरती पूर्ण व्हायच्या अर्धा तास आधीपासून ताण द्या. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, कालची वेळ आज धरू नका. आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. तुटलेला दोर एका खलाशाच्या पायावर बसताना मी पाहिलाय. त्याचा गमबूट सुरीने चिरल्यासारखा फाटला होता.

नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या खाडीत भरती येऊनही बोट चिखलातून सुटत नाही. काय करावं?

चिखलाने तळ चिकटून धरलाय. ओहोटीला पंपाचा झोत तळाखाली मारून तो सैल करा. पाणी चढलं की माणसांनी या कडेवरून त्या कडेला जात बोट डोलवावी. कडेने बुडबुडे फुटू लागले की ती सुटू लागली समजा. दोर तिवरांना, म्हणजे खारफुटीच्या झाडांना, बांधू नका. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि आपली मासळी वाढते ती त्यांच्याच मुळांत.

इंजिनात खारं पाणी गेलंय. चालू करून बघू?

अजिबात नको. सिलिंडरमधलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, गोड्या पाण्याने धुवा, ऑइल बदला. हे त्याच दिवशी व्हायला हवं. गंज रात्रभर थांबत नाही.

कळवायचं कुणाला?

माणसं अडकली असतील तर तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा सागरी पोलिसांना १०९३ वर, बोटीचा विचार नंतर. मग मत्स्यव्यवसाय विभागाचं कार्यालय आणि विमा कंपनी. बोट हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, नोंदणी क्रमांक दिसेल असे.