नवीन स्टिरिओ बसवल्यावर रेडिओ खरखरतोय?

लगेच स्टिरिओला दोष देऊ नका. बऱ्याच गाड्यांत, विशेषतः छतावर आखूड किंवा काचेत अँटेना असेल तर, तिच्या बुडाशी सिग्नल वाढवणारा छोटा अँप्लिफायर असतो. त्याला 12 व्होल्ट मिळाले नाहीत की जवळचं दणदणीत स्टेशन तेवढं लागतं, बाकी नुसती खरखर.

स्टिरिओच्या मागे सहसा निळी वायर असते, ती अँटेनाची. निळी-पांढरी बहुधा ‘रिमोट’ची, म्हणजे स्पीकरचा बाहेरचा अँप्लिफायर चालू करणारी. त्यांची गल्लत होते, म्हणून वायरिंगचा नकाशा बघाच. रेडिओ चालू करून निळ्या वायरवर मल्टिमीटर लावा, 12 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. दिसले, तर ती गाडीच्या अँटेना-पॉवर वायरला जोडा. गाडीत तशी वेगळी वायरच नसेल, तर वीज अँटेनाच्या केबलमधूनच जाते. तिथे साधा अँटेना अडॅप्टर चालत नाही, पॉवर इन्सर्टर (केबलमध्ये वीज सोडणारा भाग) असलेला घ्या आणि निळी वायर त्याला द्या. कायम चालू असलेल्या 12 व्होल्टवर मात्र जोडू नका, बॅटरी हळूहळू उतरते.

आणि हो, आधी अँटेनाचा प्लग दाबून बघा. अर्धवट बसलेला प्लग हेच कारण कितीदा तरी निघतं! तरीही खरखर असेल, तर डॅशकॅमचा किंवा मोबाईलचा चार्जर काढून ऐका.