देवयानीच्या सोबती दीर्घिका एकाच प्रतलात: योगायोग की आणखी काही?

तुमचा प्रश्न असा, की देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेभोवतीच्या छोट्या सोबती दीर्घिका एकाच चकतीत फिरतात म्हणे, तर हा निव्वळ योगायोग नाही हे कसं तपासतात? यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवतो, त्या अंगानंच सांगतो.

२०१३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ रॉड्रिगो इबाटा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तपासलेल्या २७ सोबत्यांपैकी १५ एका पातळ प्रतलात आहेत. ते प्रतल आपल्याला जवळपास कडेवरून दिसतं. त्यामुळे देवयानीच्या तुलनेत एका बाजूचे आपल्याकडे येताना आणि दुसऱ्या बाजूचे दूर जाताना दिसले, तर ते एकाच दिशेनं फिरतायत असं म्हणता येतं. तसे १३ निघाले.

आधी हे १३ घेऊ, कारण हे गणित वहीत होतं. प्रत्येकाची दिशा नाणेफेकीनं ठरली असती, तर १५ पैकी १३ किंवा जास्त एकीकडे पडण्याचे प्रकार १०५ + १५ + १ = १२१. दिशा दोन, म्हणून २४२. एकूण प्रकार ३२,७६८. म्हणजे साधारण १३५ मध्ये एकदा. १५ जणांची निवड जागेवरून झाली होती, वेगावरून नाही, म्हणून या आकड्यावर माझा बराच भरवसा आहे.

जागेचं गणित मात्र फसवं. २७ मधून १५ निवडायचे १ कोटी ७३ लाखांहून जास्त मार्ग आहेत. फेकून पेरलेल्या वावराच्या धुऱ्यानं फिरत गेलं, तर कुठून तरी झाडं तासात लागल्यासारखी दिसतातच. म्हणून कॉम्प्युटरवर हजारो नकली देवयानी बनवायच्या. सोबत्यांची अंतरं तीच ठेवायची, दिशा बदलायच्या, दुर्बिणीनं जेवढं आकाश पाहिलं तेवढंच पाहायचं आणि प्रत्येकीत तोच शोध तेवढ्याच चिकाटीनं घ्यायचा. शिवाय १५ च का? १४ किंवा १७ जणांचं प्रतल जास्त ठळक निघालं असतं, तर तेच पुढे आलं असतं. ती मोकळीक नकलींनाही द्यायला हवी. मारियस काउटुन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं.

आणि तुलना कशाशी, हेही बघा. सगळीकडे सारख्या विखुरलेल्या बिंदूंशी केली, तर सोबती तसे विखुरलेले नाहीत एवढंच कळतं. कृष्णद्रव्याच्या, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणानं जाणवणाऱ्या द्रव्याच्या, मॉडेलमध्येही सोबती त्या द्रव्याच्या लांबट तंतूंच्या वाटेनं येतात, त्यामुळे थोडा चपटेपणा तिथंही अपेक्षितच असतो. ते मॉडेल नापास करायचं असेल, तर त्याच्याच सिम्युलेशनमधल्या देवयानीएवढ्या दीर्घिका घेऊन हाच शोध करावा लागतो.