सन नको, माप विचार

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र तीनदा वाचलं. "बायका काही सांगतच नाहीत, सगळ्या एकच म्हणतात, होतं थे खाल्लं वं माय, गेले दिवस," असं वैतागून लिहिलंयस आणि शेवटी टंचाईच्या काळातल्या बायकांच्या आठवणींचा हा विषयच बदलू का म्हणून विचारतेस. बदलू नकोस. यावर आणखी काही लिहीत नाही.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. पहिलाच प्रश्न काय, तर "युद्धकाळातील अन्नटंचाईबाबतचे आपले अनुभव सांगा." अगं, नव्वदीची बाई ती. सून दारात उभी, नातू मोबाइल धरून बसलेला, आणि समोर तू तलाठ्यासारखी वही उघडून. काय सांगणार ती? माप विचार. जवारी सासू कोणत्या मापानं काढून द्यायची, पायलीनं की अधोलीनं? आणि माप शिगेचं असायचं, म्हणजे काठाच्या वर धान्याची रास ठेवून भरलेलं, की सपाट?

शिगेचं विचारायचं मी एका बाईकडून शिकले. दोन तास ती "काही नाही, चाललं" इतकंच म्हणत होती. मी उठता उठता सहज विचारलं, सासू शीग ठेवायची का? बाई थांबली. समोरचं रिकामं सूप उलटं केलं, त्यावर हवेतच एक पायली ठेवली आणि उजव्या तळव्यानं तिच्या काठावरून झपकन हात फिरवला. "अशी पुसे," म्हणाली. "लढाई लागली त्या साली पुसाले लागली. तवापासून मले रातची भाकर अर्धी." तिला हिटलर ठाऊक नव्हता आणि रंगून १९४२ च्या मार्चमध्ये पडलं, ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा बंद झाला, हेही ठाऊक नव्हतं. शीग पुसली गेली तेवढं तिला पक्कं ठाऊक होतं. बंगालचा दुष्काळ, वाढलेले भाव, इकडचं धान्य तिकडे न्यायला बंदी, हे सगळं तिच्यापर्यंत सासूच्या तळव्यातून आलं. तू मात्र सन विचारतेस.

सन विचारूच नकोस. १९४३, १९६५ आणि १९७२ या तिन्ही सालांची बायकांच्या डोक्यात एकच घुगरी झालेली असते. मापावरून तुला आपोआप कळेल. कंट्रोलच्या दुकानातलं वजन बाई शेर-छटाकात सांगत असेल आणि बोलण्यात भोकाचा पैसा आला, तर ती हिटलरची लढाई. तो पैसा १९४३ पासून निघाला. माझ्या मायनं त्यातला एक मामाच्या करदोड्यात ओवला होता. किलो आणि ग्रॅम आले, अमेरिकेची लाल मिलो जवारी आली, 'भाकर थापता थापता तुटे' असं म्हणाली, तर १९६५ च्या आसपास किंवा ७२. पायली मात्र फसवते. ती किलो आल्यावरही घराघरात राहिली आणि गावागणिक लहानमोठी होती. म्हणून पायली म्हटलं की कोणत्या गावची ते लिही. कंटाळा करू नकोस. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये दोन ठिकाणी पायली आली आणि दोन्ही वेळा तू "बरं" म्हणून पुढे गेलीस. मला हात उगारावासा वाटला.

दुसरं, तुझ्या आराखड्यात 'ग्रामीण भागातील रेशनिंग' असं प्रकरण आहे. ते नाव बदल. १९४३ ला सरकारच्या ग्रेगरी समितीनं रेशनिंग सुचवलं ते लाखावर वस्तीच्या शहरांसाठी. माणशी रोज एक पौंड धान्य, असा तो हिशेब. पौंड म्हणजे जवळपास अर्धा शेर, म्हणजे माझ्या मायच्या हाताच्या साडेतीन भाकरी. आपल्या वऱ्हाडातल्या खेड्यात कार्ड म्हणजे घासलेट, साखर आणि कंट्रोलचं कापड. जवारी आपल्याच शेतात पिकत होती ना! मग उपाशी कोण राहिलं? जिच्याकडे शेत नव्हतं ती. कापूस वेचणारी, निंदणारी, जिची मजुरी धान्यात असायची. भाव चढले की शेतकरी म्हणतो, धान्य नाही, पैसे घे. पैसे घेऊन ती जाणार कुठं? हे कुठल्या कार्डावर सापडणार नाही. म्हणून मजुरीचंही मापच विचार: आधी किती पायल्या मिळत, मग किती, मग कधी बंद झाल्या.

आता माझं सांगते, कारण तू विचारलंयस की मी हे सगळं तेव्हाच का लिहून ठेवलं नाही.

लिहिलं होतं. शाळेच्या शंभर पानी वह्यांमध्ये, बत्तीस बायकांचं. नोकरीत असताना रविवारी फिरून. मग एका स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला. संपादक म्हणाले, बाई, हे पायली-कुडव काढा, वाचकाला कंटाळा येतो, भावना ठेवा. मी काढले. जिथं 'शीग पुसली' होतं तिथं 'हालअपेष्टा सोसल्या' लिहिलं. लेखाचं कौतुक झालं. वह्या माळ्यावर गेल्या आणि वाळवीनं खाल्ल्या. दोन लेकरं, सासरे अंथरुणाला खिळलेले, रोज एस.टी.नं जाणं-येणं. मी तरी काय काय सांभाळणार होते? हे असं मी गेली तीस वर्षं म्हणते आहे.

पण खरं कारण ते नाही.

१९६५ ला मी सोळा वर्षांची होते. शास्त्रीजींनी सांगितलं, सोमवारी रात्री जेवू नका. शाळेत गुरुजींनी आमच्याकडून शपथ घेतली. मी घरी येऊन ऐटीत सांगितलं, आजपासून सोमवारी माझी भाकर करू नको. माय हसली. म्हणाली, "माया तं सोमवार हायेच, तू आपला कर." मी केला. भूक लागली की देशासाठी म्हणायचं आणि पाणी प्यायचं. फार बरं वाटायचं.

त्याच वर्षी सरकारची एकाधिकार खरेदी होती, लेव्ही होती, म्हणजे धान्य सरकारलाच घालायचं. आमच्या गोठ्याखाली पेव होतं, धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. बाबांनी रातोरात जवारी त्यात उतरवली, तोंड बुजवलं, वरून शेणानं सारवलं आणि गाय बांधली. किती उतरवली? मला माहीत नाही. बघ, इथं माझंच माप नाही. मी जागी होते, मोजू शकले असते.

पेव उघडलं ते पोळा झाल्यावर कधीतरी. आधी आत कंदील सोडून पाहिला, विझला नाही तेव्हा सालदार गडी उतरला. वरचा थर ओलीनं काळा पडलेला, आंबूस वास. ती जवारी घरात कोण खाणार? मागच्या दारानं ती वेचणाऱ्या बायांना उसनी गेली. माय द्यायची. सपाट पायली द्यायची आणि सुगीला पांढरीशुभ्र नवी जवारी शिगेची परत घ्यायची, वर सवाई, म्हणजे पावपट जास्त. मी सूप धरून बाजूला उभी असायचे. एकदा एका बाईनं शिगेकडे नुसतं पाहिलं, बोलली काही नाही. मायनं हात थांबवला आणि मग पुन्हा पुसला.

माझी माय वाईट नव्हती. गावात सगळ्याच घरांत असंच चालायचं. ती स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवायची, तव्यावरची खरपूस भाकर आणि अंबाडीचं पाणी. कोणाच्या आजारपणात रात्री उठून गेली नाही असं झालं नाही. हे सगळं खरं आहे आणि ती पुसलेली शीगही खरी आहे. स्मरणिकेच्या वेळी बाबा हयात होते. संपादकांनी आकडे काढा म्हटलं तेव्हा मला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं झालं.

म्हणून तू "आजीबाईंच्या त्यागाची गाथा" असं शीर्षक कळवलंस तेव्हा मी चिडले. त्याग कोणी केला, कोणाच्या वाटणीचा केला, हे मापाशिवाय कसं कळणार गं? घरातली बाई आणि मागच्या दारातली बाई, दोघी "होतं थे खाल्लं" असंच म्हणतील.

सूनबाईसमोर विचारू नकोस. ती धुणं धुवायला गेली की बस. हाताला काम दे, तूर निवडायला घे, दोन्ही डोकी सुपात असू देत. चोरून ठेवलेल्या मुठीबद्दल, गाडग्यातल्या पिठाबद्दल, दुकानदाराला विकलेल्या सासरच्या जवारीबद्दल बाई तेव्हाच बोलते. फोन पिशवीत ठेव.

आणि एक काम माझं कर. शिगेकडे पाहणाऱ्या त्या बाईची मुलगी अजून आहे, आमच्याच गावात, मारुतीच्या पाराच्या मागं. तेव्हा ती आईचं बोट धरून यायची. डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडे बस. मी कुणाची लेक ते सांग, लपवू नकोस. तिला विचार, आमच्या घरून त्या साली किती पायल्या नेल्या आणि सुगीला किती भरल्या. मला जाववत नाही. गुडघ्याचं निमित्त आहे, पण ते निमित्तच.

बाकी पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल. आकडा तेवढा कळव.

तुझी
बाई