काळ्या पडद्यासमोर बसणारा मुलगा आणि पन्नास हजारांचा स्टुडिओ

वडगाव बुद्रुकहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंगच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. तबल्याच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या आहेत आणि कॉलेजच्या एकांकिकांना संगीत देतो. घरातल्या जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून त्यानं लिनक्स टाकलं, आणि आता घरीच स्टुडिओ करायला पन्नास हजार मागतोय. त्याचा मावसभाऊ म्हणतो, ‘खऱ्या स्टुडिओत मॅक असतो, लिनक्सवर कोण गाणी करतं?’ वडील लिहितात, ‘रेकॉर्डिंगमध्ये आधी टकटक, करकर यायचं, ते मात्र त्यानं घालवलं. पण पूर्ण झालेली गाणी दोन-तीनच. बाकी रात्र रात्र काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करत असतो. पैसे द्यावेत का? आणि उद्या इंजिनीअरिंग सोडून साउंडचा कोर्स करतो म्हणाला तर काय करायचं? शिवाय खालच्या मजल्यावरून तबल्याबद्दल दोनदा निरोप आलाय, तो वेगळाच.’

सप्रेम नमस्कार.

पैशांचं नंतर बघू. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेला आहात. टकटक त्यानं घालवली. कशी घालवली, हे विचारलंत का? नसेल तर आज जेवताना विचारा. करिअरबद्दल विचारलं की या वयाची मुलं गप्प बसतात; असलं काही विचारलं की हात वाळेपर्यंत बोलतात.

तो काय सांगेल याचा थोडा अंदाज देतो, म्हणजे ऐकताना सूत्र हाती राहील. कॉम्प्युटर आवाज सलग घेत नाही, तुकड्यातुकड्यांनी घेतो. सेकंदाला साधारण ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं, आणि त्यातली १२८, २५६ किंवा १,०२४ एका वेळी उचलायची. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. १,०२४ चा बफर ठेवला तर एका गठ्ठ्याला २१ मिलिसेकंद जातात, आणि आवाज आत येताना एक, बाहेर जाताना एक असा उशीर जवळजवळ दुप्पट होतो. हेडफोनमध्ये स्वतःचाच ‘धा’ चाळीसेक मिलिसेकंद मागून ऐकू आला तर कसलेल्या तबलजीचाही हात अडखळेल. १२८ वर तोच गठ्ठा २.७ मिलिसेकंदांत निघतो. मग सरळ लहान बफरच का ठेवत नाहीत? पंगतीत वाढप्याच्या हातातलं भांडं लहान केलं की त्याच्या फेऱ्या वाढतात, आणि मधेच कुणी त्याला पाणी आणायला पिटाळलं की कुणाचं तरी पान रिकामं राहतं. ते रिकामं पान म्हणजे ती टकटक. लिनक्सवाली मंडळी तिला ‘एक्सरन’ म्हणतात.

असं मधेच पिटाळणारे लॅपटॉपमध्ये बरेच असतात. वायफाय असतं, वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग आपोआप उतरवणारी व्यवस्था असते, एकाच यूएसबी हबवर माऊस, पेनड्राइव्ह आणि ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरला देणारी पेटी) दाटीवाटीनं बसवलेले असतात. विंडोज किंवा मॅकवर यातलं पुष्कळसं झाकलेलं राहतं; लिनक्सवर झाकण उघडून आत हात घालता येतो, आणि कधी कधी घालावाच लागतो. आपल्या युजरला ‘ऑडिओ’ ग्रुपमध्ये टाकायचं, त्या ग्रुपला रिअल-टाइम प्राधान्य, म्हणजे इतर कामांच्या आधी वेळ, द्यायचं, प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर न्यायचा, बफर किती ते लिनक्समध्ये आवाजाची ये-जा सांभाळणाऱ्या पाइपवायरला सांगायचं, आणि मग अर्धा तास रेकॉर्डिंग चालू ठेवून एक्सरनचा आकडा शून्यावर राहतो का ते बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परत मोजायचं. तुमचा काळा पडदा तो हाच.

त्याच्या आधीच्यांना हे याहून जड गेलं. गाणी ऐकायला पल्सऑडिओ आणि स्टुडिओच्या कामाला जॅक अशा दोन वेगळ्या यंत्रणा होत्या, एक सुरू केली की दुसरी रुसायची. पाइपवायरनं दोघींची कामं एका ठिकाणी आणली. लिनक्सच्या आवृत्त्यांपैकी फेडोरानं २०२१ मध्ये आणि उबुंटूनं २०२२ मध्ये ते आवाजासाठी कायमचं स्वीकारलं. लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, रिअल-टाइम करायचा पॅच वर्षानुवर्षं बाहेरून लावावा लागे, तोही २०२४ च्या ६.१२ या कर्नलमध्ये मूळ शाखेत आला. त्यामुळे मावसभावाच्या टोमण्याची धार आता तेवढी उरलेली नाही.

पूर्ण बोथट मात्र झालेली नाही. मावसभाऊ एका बाबतीत बरोबर आहे, आणि ते चिरंजिवांनी ऐकून घ्यायला हवं. सिनेमा आणि वेबसिरीजच्या ध्वनिकामात प्रो टूल्स हे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर ही रोजची भाषा आहे आणि ते फक्त मॅक आणि विंडोजवर चालतं. लॉजिक फक्त मॅक आणि आयपॅडवर. क्यूबेस आणि एबलटन लाइव्ह लिनक्ससाठी निघत नाहीत. ज्या प्लगइनना, म्हणजे या सॉफ्टवेअरला जोडायच्या पूरक प्रोग्रामना, आयलॉक या कुलूप-पद्धतीचा परवाना लागतो ते लिनक्सवर रीतसर चालत नाहीत. विंडोजचे काही प्लगइन ‘यब्रिज’ नावाचा जोडप्रोग्राम लावून चालवता येतात, काही हट्टानं चालत नाहीत. सकाळी मिक्स द्यायचा आहे आणि रात्री दोन वाजता यब्रिजशी झटापट चालू आहे, हे शिकायला ठीक, धंद्याला नाही.

मग लिनक्सवर आहे काय? बरंच. आर्डर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पूर्ण वाढीचं, मुक्त स्रोताचं आहे. बिटविग जर्मनीचं, विकतचं, पण लिनक्सवर सरळ चालतं. रीपर तिन्हीकडे चालतं, ६० दिवस वापरून बघता येतं आणि व्यक्तिगत परवाना ६० डॉलरला मिळतो. मी त्याला रीपर सुचवेन, कारण उद्या दुसऱ्याच्या विंडोज मशिनवर बसायची वेळ आली तर हात तोच राहील. आर्डर मात्र त्यानं काढून टाकू नये. त्याचं कारण संगीताचं नाही. त्याचा सगळा कोड वाचायला खुला आहे, सी प्लस प्लसमध्ये.

आता मुद्द्यावर येतो. ‘साउंड’ या एका शब्दाखाली दोन पार निराळी करिअर्स आहेत आणि घरोघरी ती एकच समजली जातात. एकात माणसं आणि कान: गायिकेचा आवाज बसलाय हे तिच्याआधी ओळखणं, चिडलेल्या दिग्दर्शकाला सांभाळणं, एकाच दारावरच्या टकटकीचे वीस नमुने ऐकून योग्य तो उचलणं. तिथे काम ओळखीनं मिळतं, पहिली काही वर्षं पैसा बेभरवशाचा असतो, आणि पुण्याच्या मुलाला मुंबईचे हेलपाटे चुकत नाहीत. दुसऱ्यात आवाज पोचवणारी यंत्रं आणि त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर येतं: ड्रायव्हर, प्लगइन, ऑडिओ इंटरफेस, स्पीकरमधलं डीएसपी (आवाजावरची डिजिटल प्रक्रिया), गाडीच्या डॅशबोर्डमधली यंत्रणा. या दुसऱ्या कामात पुण्याचं पारडं जड आहे. चाकणपासून हिंजवडीपर्यंत गाड्या आणि गाड्यांचं सॉफ्टवेअर हा इथला मोठा उद्योग आहे, आणि आजच्या गाडीच्या इन्फोटेनमेंटमध्ये पुष्कळदा लिनक्स किंवा लिनक्सच्याच कर्नलवरचं अँड्रॉइड असतं. गाड्यांसाठीच्या ‘ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स’मध्ये आवाजाचं काम पाइपवायरच करतं. गाणं चालू असताना रिव्हर्सचा बीप अडकला तर चालत नाही. तिथेही भांडण बफर आणि प्राधान्याचंच. तुमचा मुलगा जे फुकट, रात्री जागून करतोय, त्यासाठी कंपन्या माणसं शोधत असतात.

पत्रावरून माझा कौल दुसऱ्या बाजूला झुकतो. गाणी दोन-तीन आणि दुरुस्त्या ढीगभर, यातूनच कल दिसतो. पण पत्र तुमचं आहे, त्याचं नाही. त्यामुळे निकाल मी देणार नाही. तो त्याच्याच हातून निघू दे. दिवाळीपर्यंत त्याला तीन कामं सांगा. एका एकांकिकेचं पूर्ण ध्वनिकाम: तबला स्वतः रेकॉर्ड केलेला, पार्श्वसंगीत आणि सगळे ध्वनिपरिणाम मिक्स करून तालमीआधी दिग्दर्शकाच्या हातात. दुसरं, स्वतःच्या स्टुडिओची मांडणी मराठीत किंवा इंग्रजीत अशी लिहून काढायची, की वर्गातल्या मित्राला ती वाचून आपल्या लॅपटॉपवर तेच करता यावं. तिसरं, आर्डर किंवा तशाच एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरमधला एक दोष शोधून त्याचा नीट रिपोर्ट. जमलं तर दुरुस्तीसुद्धा. तिन्ही झालीच पाहिजेत असा धोशा लावू नका. कोणतं काम न सांगता आधी होतं आणि कोणतं ‘उद्या करतो’वर जातं, तेवढं बघा.

पैसे द्या, पण पन्नास एकदम नको. पहिल्या हप्त्यात पंचवीसच्या आसपास पुरतात. त्यातला मोठा वाटा ऑडिओ इंटरफेसचा. घेताना एकच अट, तो ‘यूएसबी क्लास कम्प्लायंट’ असावा. असे इंटरफेस लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर न घालता चालतात. फोकसराइटच्या स्कारलेट मालिकेला तर कर्नलमध्येच चांगला आधार आहे. दोन माइकच्या इनपुटचा घ्यावा, एकाचा नाही, कारण दायाँ आणि डग्गा वेगवेगळे टिपायचे असतील तर एकात भागत नाही. माइक डायनॅमिक घ्या. दुकानदार कंडेन्सर दाखवेल, त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच मिळणारी वीज, लागतो आणि इंटरफेस तो देतोही, पण तो माइक सिंहगड रस्त्यावरचा हॉर्न आणि शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टीही इमानदारीत टिपतो. शूअरचा एसएम५७ तबल्याला आणि आवाजाला दोन्हीकडे चालतो. बाजारात नकली फार, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच आणि बिल घेऊन. हेडफोन बंद कपाचे. स्टँड आणि केबल तपकीर गल्लीत स्वस्तात मिळतात, फक्त माइकची एक्सएलआर केबल विकत घेताना तिथेच हलवून, वाकवून बघायला सांगा. स्पीकर आत्ता अजिबात नकोत. त्या खोलीत भिंतींचाच आवाज जास्त ऐकू येईल.

भिंतींना अंड्याचे ट्रे चिकटवू देऊ नका, त्यानं आवाज अडत नाही. पुस्तकांनी भरलेलं कपाट, जाड पडदा आणि माइकच्या मागे टांगलेल्या दोन गोधड्या यांनी खोलीतला घुमार बराच उतरतो. रेकॉर्डिंगमध्ये सतत हलकी घुंईं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेली, तर तिचं मूळ बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये असतं. जुन्या इमारतींत तीन पिनचं सॉकेट असतं पण तिसरी तार कुठेच जात नाही. नवा माइक घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

लॅपटॉपही बदलू नका. रॅम आठ जीबी असेल आणि एसएसडी असेल तर या कामाला पुरतो. एसएसडी नसेल तर तीच पहिली खरेदी. दुसरा हप्ता एकांकिका झाल्यावर, आणि तेव्हा काय घ्यायचं हे त्याला मागायची गरज पडणार नाही, काय अडतंय ते कामातून आपोआप कळलेलं असेल.

इंजिनीअरिंग सोडण्याबद्दल मी स्पष्टच लिहितो: सोडू नये, आणि हे केवळ नोकरीच्या भीतीपोटी नाही. लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआयमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ऑस्कर मिळालेले रसूल पूकुट्टी तिथलेच विद्यार्थी. पण तो पदव्युत्तर आहे, पदवीशिवाय दार उघडत नाही. म्हणजे पहिल्या वाटेनं जायचं म्हटलं तरी रस्ता पदवीवरूनच जातो. दुसऱ्या वाटेला तर ईएनटीसी हाच पाया. ‘सिग्नल्स अँड सिस्टिम्स’मधलं सॅम्पलिंग ज्याला फळ्यावर कंटाळवाणं वाटतं, त्यानं ते आपल्याच तबल्याच्या फाइलवर करून बघावं: ४८,००० चा रेट उतरवत ८,००० वर आणला की चाटीची कड कशी मरते ते ऐकू येतं. त्या विषयात मार्क कमी असतील तर तेवढ्याच बाबतीत त्याच्याशी कडक वागा.

प्रो टूल्सचं काय, हे तो विचारेलच. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एखाद्या स्टुडिओत उमेदवारी करायला जावं, तिथल्या मशिनवर शिकावं. त्यासाठी आत्ता मॅक घ्यायची गरज नाही. फाइली ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्हमध्ये, प्रत्येक वाद्य वेगळं आणि सगळ्यांची सुरुवात एकाच क्षणापासून, अशा दिल्या तर त्या कशावर रेकॉर्ड झाल्या हे समोरच्याला कळतही नाही. ही शिस्त मात्र आजपासून हवी, आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी प्रतही. लिनक्सवर हात बसवताना सगळा लॅपटॉप पुसून नव्यानं मांडण्याची हुक्की एकदा तरी येतेच.

खालच्या मजल्याचं राहिलं. डग्ग्याचा घुमारा हवेतून कमी आणि फरशीतून जास्त खाली जातो, त्यामुळे दारं-खिडक्या बंद करून उपयोग नाही. तबल्याखाली जाड रबरी मॅट, तिच्यावर सतरंजी, आणि बैठक खोलीच्या मध्यावर न ठेवता बीमच्या जवळ. रात्री फक्त हेडफोन लावून एडिटिंग. रेकॉर्डिंग सकाळी दहा ते बारा. दुपारी एक ते चार नको, खालचे आजोबा-आजी झोपत असतील. एकदा त्याला स्वतःलाच खाली पाठवा, वेळ ठरवून यायला. तुम्ही जाऊ नका.