पात्रतेचं सोडा, आधी डिस्चार्ज बुकातलं नाव बघा

जय हिंद दादा. हवालदार म्हणून पेन्शनवर येऊन नऊ वर्षं झाली, मुलगी आत्ता बी. फार्मसीला लागली, तर माजी सैनिकांच्या मुलांसाठीच्या पंतप्रधान शिष्यवृत्तीला अजून पात्र आहोत का, असं तुम्ही विचारलंय. नऊ वर्षांनी काही बिघडत नाही. बारावीला ६० टक्के आहेत ना? मग भरा अर्ज.

पण आधी डिस्चार्ज बुक (निवृत्तीवेळी मिळालेलं, घरच्यांची नावं असलेलं सैन्याचं पुस्तक) काढा, तिची बारावीची मार्कशीट शेजारी ठेवा आणि दोन्हीतलं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. मी इथेच आपटलो.

पोरगी झाली तेव्हा मी बॉर्डरला. घरून फोन आला, मी क्लार्कला 'पिंकी' सांगून मोकळा झालो, पार्ट टू ऑर्डर (सैन्याच्या नोंदीत घरच्यांची माहिती चढवणारा आदेश) तशीच निघाली. शाळेत आमच्या हिने चांगलं नाव घातलं. पुढे अठरा वर्षं कुणाच्या ध्यानीमनी नाही. ती इंजिनिअरिंगला लागल्यावर एका कार्यालयात (नाव घेत नाही) विचारलं, तर मान वर न करता उत्तर, "ॲफिडेव्हिट जोडा, चालतंय." जोडलं. अर्ज परत, शेरा 'नावात तफावत'. रेकॉर्ड ऑफिसकडून (सैनिकांच्या नोंदी ठेवणारं सैन्याचं कार्यालय) दुरुस्ती येईपर्यंत मुदत संपली. पुढच्या वर्षी भरू म्हणावं, तर नवा अर्ज पहिल्या वर्षातच करायचा असतो. मुलींना महिना ३,०००, म्हणजे चार वर्षांचे १,४४,००० गेले. वर तोच माणूस मला म्हणतो, "आधीच रेकॉर्डला लिहायचं ना!" आता काय बोलायचं?

तेव्हा कुणी कितीही 'चालतंय' म्हणू दे, दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडूनच करून घ्या. पत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मी काही जाणकार नाही, ठेच लागलेला माणूस आहे. नियम अधूनमधून बदलतात, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साइटवरची चालू सूचना वाचूनच भरा. सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांनी इकडे अर्ज करू नये, त्यांची गृह मंत्रालयाची वेगळी योजना आहे. आणि मंजूर झाली तरी नूतनीकरणाला दरवर्षी ५० टक्के लागतात, हे मुलीला आत्ताच सांगून ठेवा.

धाकट्याचं नाव मी तो दहावीत असतानाच नीट करून घेतलं, त्याला महिना २,५०० च्या हिशेबाने मिळतात. ताडताना वहिनींचंही नाव बघा, फॅमिली पेन्शनला तेच लागतं. आमची ही परवापर्यंत डिस्चार्ज बुकात माहेरच्याच नावाने होती.